देव्हाऱ्यातला वायरलेस

त्या दिवशी मी देवाशी भांडले, हे आधीच कबूल करते. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. खालापूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी नर्स होते. महडच्या गणपतीवर भक्ती, पण स्वभाव तापट. माझ्याकडची एक वाडी ओढ्यापलीकडे, दोन तासांच्या चढावर. पावसाळ्यात तिथल्या बाळंतिणी रामभरोसे. म्हणून वरून दोन वायरलेस आले, एक माझ्याकडे, एक वाडीत. सुईण धोंडूबाईने सकाळ-संध्याकाळ बटण दाबून बोलायचं, मी इथून उपाय सांगायचा.

वाडीत यंत्र ठेवायचं कुठे? उंदीर, पोरं, गळकी छपरं. सगळ्यांत कोरडी जागा म्हणजे रखमाबाईच्या घरातला देव्हारा. मीच नारळ फोडून, हळदकुंकू वाहून ते तिथे बसवलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन डोंगर उतरले.

श्रावण सरत आला होता. रखमाबाईच्या सुनेला, सखूला, कळा सुरू झाल्याचं धोंडूबाईने संध्याकाळी कळवलं. पहिलटकरीण, त्यात अंगात रक्त कमी. यंत्र रात्रभर चालू ठेव, असं मी बजावलं. सकाळी आठला कान लावून बसले, तर नुसती खरखर. नऊ वाजले, दहा वाजले. ओढ्याला पूर, पलीकडे जायची सोय नाही. "धोंडूबाई, अगं बोल गं," मी पुन्हा पुन्हा विनवत होते. यंत्र बिघडलं की सखू गेली? एवढी तुझी सेवा करते ती कशासाठी, असं मी गणपतीला नको नको ते बोलले.

आणि बोलता बोलताच उमगलं. घरात बाळ जन्मलं की सोयर, दहा दिवस देवाला शिवायचं नाही. सगळी वाडी एका भावकीची, म्हणजे सोयर सगळ्यांनाच. सुईण तर बाळंतिणीला शिवलेली. माझा आवाज त्या घरात घुमत असणार आणि बटण दाबायला एकही हात मोकळा नसणार. यंत्र देवाजवळ नेऊन ठेवणारी मीच. "देव रागावणार नाही, दाबा," मी ओरडून सांगितलं. शेवटी रडू फुटलं. हात जोडले आणि म्हटलं, माझं शहाणपण संपलं, आता तुझं तू बघ.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. खरखर थांबली आणि एक अनोळखी पुरुषी आवाज आला.

"बाई, मी कल्हईवाला. सणाची भांडी कराया आल्तो, पुरानं अडकलो. ह्यांना देवाला शिवता येत नाय, म्हनून मला पुढं केलंय. बाळ बरं हाय, पन पोरीचं रगत थांबत नाय."

मी धोंडूबाईला सांगत गेले. बाळाला छातीशी लाव, बेंबीखाली हाताने चोळत राहा, पोट घट्ट लागेपर्यंत सोडू नको, मी दिलेल्या पिशवीतली रक्त थांबवायची गोळी दे. धोंडूबाई आतून ओरडायची, तो बटण दाबून तिचं म्हणणं मला कळवायचा. दुपारी तो म्हणाला, "थांबलं म्हनत्यात."

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं आणि मी वाडी गाठली. सखू पांढरीफटक, पण उठून पेज पीत होती. कल्हईवाला पाऊस थांबताच डोंगराच्या वाटेने निघून गेला होता, त्याचं नाव कुणीच विचारलं नव्हतं. तो पुरात अडकलेला साधा माणूस असेल. पण मी हात जोडले आणि तो बोलला, या दोन गोष्टी मला अजून वेगळ्या करता येत नाहीत. दोघांचेही उपकार मानते. शरण जाणं मात्र मी त्या दिवशी अर्धवटच शिकले होते, कारण माझ्यापाशी दुसरा इलाजच नव्हता; उरलेलं रखमाबाईने शिकवलं.

मी रखमाबाईला म्हटलं, "यंत्र बाहेर ओटीवर टांगू, म्हणजे सोयरातही हात लावता येईल. थांबा, मी काढते."

"नको बाई. घर आमचं हाय, माजी मी काडते."

सोयर फिटायला अजून सात दिवस होते. तिने पदराला हात पुसले, देव्हाऱ्यापुढे उभी राहिली. "पोरीसाठी शिवते रं बाबा, काय व्हायचं ते मला होऊ दे," एवढंच म्हणाली आणि हात आत घातला.