खंडेनवमीचं तेल

आमच्या ह्यांचं पिस्तूल तळहाताहून थोडंच मोठं आहे. सदरा वर सोडला की कमरेला काही आहे हे कळतसुद्धा नाही. कोळवणच्या खोऱ्यातल्या जमिनी फार्महाऊसवाल्यांना जाऊ लागल्या, हे त्या व्यवहारांत पडले, कुणीतरी फोनवर धमकी दिली, आणि रीतसर परवाना काढून ते घरात आलं. मला ते कधीच आवडलं नाही. पण माझं ऐकतंय कोण?

काडतुसं निवडताना तर ह्यांचा थाट बघण्यासारखा. बियाण्याचं भातसुद्धा इतकं पारखलं नसेल. पुण्यातल्या दुकानात मलाही बरोबर नेलं होतं. दुकानदाराने दोन तऱ्हा पुढे ठेवल्या, एक गोल टोकाची आणि एक टोकाला खळगा असलेली. खळग्याची अंगात शिरून बहुतेक तिथेच थांबते, आरपार जाऊन मागच्या माणसाला लागायची भीती कमी, असं तो म्हणाला. पण एवढ्याशा पिस्तुलात ती कधी कधी अडकते, म्हणून आपल्याच पिस्तुलातून झाडून बघितल्याशिवाय भरवसा ठेवायचा नाही. ह्यांनी सरावाच्या जागी दोन्ही झाडून बघितल्या आणि गोल टोकाचीच घेतली. "येळंला उडली पायजे, बाकी काय न्हाई," म्हणाले. कुणाच्या अंगात काय शिरतं हे सगळं भाजीच्या भावासारखं बोलत होते दोघं.

खंडेनवमीला आमच्याकडे विळे, कोयते, ट्रॅक्टर, सगळ्यांची पूजा होते. लोखंडाला तेलाचं बोट लावायचं, मग हळद-कुंकू, मग फूल. सासूबाईंनी शिकवलेली रीत. गेल्या वर्षी पाटावर पिस्तूल होतं आणि शेजारी वाटीत काडतुसं. मी आपलं सवयीने एकेकाच्या बुडाला तेल लावलं आणि वर कुंकू टेकवलं. काडतुसाच्या बुडाशी जी टिकली असते तिच्यावर घाव बसला की गोळी उडते, आणि तिथून तेल आत मुरलं तर काडतूस मरूनही जातं, हे मला कुठे ठाऊक? संध्याकाळी ह्यांनी कुंकू पुसून ती भरली. तेलाचं ह्यांच्या ध्यानातही आलं नाही.

दिवाळी झाली, भात झोडून झालं. माझ्या धाकट्या दिरांचा, भावजींचा, आणि ह्यांचा शेताच्या वाटेवरून अबोला चालू होता. एका तिन्हीसांजेला मागच्या अंगणात कुणाची तरी चाहूल लागली. त्याच दुपारी पुन्हा धमकीचा फोन येऊन गेला होता. हे पिस्तूल घेऊन मागच्या दारात गेले.

"कोण हाय तितं?"

उत्तर नाही.

"बोल, न्हाईतर झाडीन."

तरी नाही. आणि ह्यांनी खरंच चाप ओढला.

टिक् झालं, बस.

मी धावत जाऊन दिवा लावला. समोर भावजी उभे, हातात नव्या तांदळाचं गाठोडं. पहिला तांदूळ थोरल्या घरच्या देवाला द्यायचा, हे त्यांनी भांडणातही मोडलं नव्हतं. आणि अबोला धरलाय तर भावाला ओ द्यायची नाही, हेही नाही मोडलं. "वहिनी, देवाला ठेवा," एवढं मला म्हणाले, गाठोडं पायरीवर ठेवलं आणि निघून गेले. तो टिक् त्यांना ऐकू आला की नाही, मला माहीत नाही.

मला वाटलं, आता हे ढसाढसा रडतील, भावाच्या मागे पळतील. कसलं काय. "व्हय म्हनायला काय जीभ झडली व्हती का त्याची?" म्हणाले. दुसऱ्या दिवशी काडतुसं घेऊन तणतणत त्याच दुकानात, मीही बरोबर. दुकानदाराने विचारलं, तेल तर लागलं नव्हतं ना? "छ्या, आमी फडक्यानं पुसूनच भरतो," ह्यांनी ठणकावून सांगितलं. मला तेव्हा समजलं आपल्या बोटाने काय केलं ते. पण ह्यांना सांगितलं नाही. ह्यांनी दुसऱ्या कंपनीची घेतली, त्यातली काही झाडून बघितली आणि खूश झाले. "आता दगा देनार न्हाई."

ह्या खंडेनवमीला हे झेंडू आणायला गेले तेव्हा तीच नवी काडतुसं माझ्यासमोर वाटीत होती. यंदा नुसतं फूल ठेवायचं, असं मी पक्कं ठरवलेलं. पण शिवारात भात पिवळं पडलंय. अबोला अजून तसाच आहे. भावजी गाठोडं घेऊन येणार आणि ओ देणार नाहीत. मी तेलात बोट बुडवलं आणि एकेका टिकलीवर दाबून धरलं, बराच वेळ. मग पदराने कोरडी पुसली.

"तेल न्हाई ना लावलंस?" ह्यांनी विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले. लग्न झाल्यापासून ह्यांच्या तोंडावर इतकं सरळ खोटं मी बोलले नव्हते.

धमकीचे फोन अजून येतात. हे बाहेर पडताना कमरेवर थाप मारून सांगतात, "तू कशाला घोर लावून घेतेस? हाय की हे माझ्याजवळ." मी व्हय म्हणते, आणि हे परत येईपर्यंत मला दारातून हलवत नाही.