अक्कानं सारवलेलं वळण

माझी थोरली जाऊ रुसून बसली आन् रुसलेलीच गेली.

आज वर्ष झालं.

मी चौथीपतूर शिकलेली बाई. फेसबुकवर आजपतूर नातीचे फोटो बघायचे आन् अंगठा दाबायचा, एवढंच. आज स्वतः लिहायलेय. चुकलं तर नात हसंल. हसू द्या.

नात म्हंजी पल्लवी. बिदरला नौबादमध्ये रूम करून शिकायली. तिथं तिला सायकलीचं याड लागलं. साधी सायकल न्हाई, जाड चाकाची, दगडधोंड्यातून उडवायची. लई छान चालवती माझी पोरगी. नजर लागू नये, पण खरं ते लिहायला काय हरकत हाय.

तिच्या ग्रुपला उतार पाहिजे होता. पल्लवी म्हणली, आमच्या चिटगुप्प्याकडं मुरमाड माळ हाय, कुसळाशिवाय काय उगवत न्हाई.

झालं. दर रविवारी पोरं-पोरी टिकाव-फावडे घेऊन यायली. माळावरून खालपतूर नागमोडी ट्रॅक. माझं घर म्हंजी त्यांचं हॉटेल. चुरमुऱ्याचा सुसला, भजे, चहा, परत चहा. खोटं कशाला सांगू, घर भरलेलं बघून मला लई बरं वाटायचं.

अडचण एका वळणाची होती.

उतार संपताना ट्रॅक एकदम वळतो. तिथं बाहेरच्या अंगानं मातीचा कलता कट्टा लागतो, म्हंजी वेगात आलेली सायकल बाहेर जात न्हाई. पोरं कट्टा रचायची, पाऊस घेऊन जायचा. परत रचायची, परत जायचा.

एक दिवस अक्का, म्हंजी माझी थोरली जाऊ, माझ्यासंगं चहाची किटली घेऊन वर आली. (नवीन नवरी होते तवा मी तिला तुमी म्हणायची. म्हातारपणी तू वर आले. तिला ते आवडत नव्हतं, पण ऐकून घ्यायची.)

तिनं कट्ट्याला पाय लावून बघितला.

"ह्याला खळ्यावानी चोपा की. नुसतं थापटून काय व्हतंय."

आता तूर मशीनमधनं निघती, खळं कोण करतंय. पण आमच्या शेतात मळणीचं खळं दरसाल अक्काच करायची. माती भिजवायची, भुसकट घालायचं, आन् लाकडी चोपणं घेऊन बडवत बसायचं. शेवटी शेणानं सारवायचं. त्याच्यावर चपला घालून कुणी आलं तर अक्का सासऱ्यालासुद्धा सोडायची न्हाई.

गोठ्यात अडकवलेलं चोपणं खाली आलं.

पहिलं तिनं पोरांना बूट काढायला लावले. एक पोरगी म्हणली, आजी, काटे हायत. अक्का म्हणली, मग बघून पाय टाक.

आन् ती गुडघ्यावर बसून बडवायली. भावजी गेल्यापासून तिला एवढं बोलताना मी बघितलं नव्हतं. ह्याला रागवायली, त्याला शिकवायली, मधीच कन्नडमध्ये शिव्या द्यायली. पोरं खूश.

पुढच्या रविवारी त्या वळणावरून सायकली पहिल्यांदा उतरायच्या होत्या.

अक्का सकाळीच, कुणाला न सांगता, वर गेली. तिच्या हिशेबानं सारवल्याबिगर काम पुरं न्हाई. तिनं सगळं वळण शेणानं सारवलं. गुळगुळीत. काठाला रांगोळी काढली.

ओल्या शेणावर चाक.

पल्लवी पहिली घसरली. तिच्यावर मागचा, त्याच्यावर अजून एक. लागलं कुणाला न्हाई. हेल्मेट तेवढे शेणानं भरले.

पोरं हसली. गाव हसलं. मी बी हसले. तुमी असता तर तुमी बी हसला असता.

अक्का हसली न्हाई. चोपणं उचललं आन् घरी गेली.

पोरांनी वरचं सारवण खरवडून काढलं. खालचा कट्टा दगडावानी निघाला. सगळा पावसाळा गेला, ट्रॅक जागोजागी फुटला, अक्काचं वळण हललं न्हाई.

मी तिला सांगितलं. व्हिडिओ दाखवला. म्हणली, मला डोळ्याला दिसत न्हाई. सुनेनं निवडलेल्या डाळीतला खडा मात्र दिसायचा.

म्हणलं, चल वर, तुझ्या डोळ्यानं बघ.

"तू जाऊ हायस माझी, तू गोडच बोलणार. ज्यांचं काम मी नासवलं त्यांनी बोलवावं."

आन् पोरांना काय माहीत. "गुडघे दुखायलेत" असा निरोप तिनंच धाडला होता. ते बिचारे दर खेपेला गुडघ्याला लावायचं मलम आणायचे.

शेवटी मी पल्लवीला फोनवर सगळं सांगितलं. ती रडायलीच. म्हणली, आजी, रविवारी आमी सगळे येतो, तिला खुर्चीत बसवून वर नेतो.

अक्काला सांगितलं.

संध्याकाळी बघते तर इरकल लुगडं काढून उशाला ठेवलेलं.

शुक्रवारी चहा प्यायली आन् बसल्या जागी गेली. तेच लुगडं नेसवलं.

मलम आणणारी पोरं आली आन् खांदा देऊन गेली.

आज वर्षाचं म्हणून सगळे आले. मी बी वर गेले. वळणापाशी सगळे उतरले, बूट काढले, आन् सायकली हातात धरून, मान खाली घालून, अनवाणी चालत निघाले.

चांगली लेकरं हायत. पण मला बघवंना.

म्हणलं, "अरे, पायानं कामून चालायलाव? तिनं ते चाकासाठी केलंय."

मग सगळे परत वर गेले. एकेक करून सुटले. धुळीचा लोट, चाकांचा घर्रर्र आवाज. सगळ्यात शेवटी माझी पल्लवी. सायकल आडवी झाली का काय वाटलं, तेवढ्यात कट्ट्यावरून सरळ निघून खाली.

तिथं एक सपाट दगड हाय. त्याच्यावर बसलं की आख्खं वळण दिसतं. मी अर्ध्या दगडावर बसले होते. अर्धा रिकामा ठेवला होता.

अक्का, कुणी पडलं न्हाई गं.

रुसवा सोड आता.