शेखकाकांची अर्धी भाकरी

"बघा, शेवटी हीसुद्धा आमच्यात आली" असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी इथेच थांबावं. मी कुठेही आलेली नाही. कॉलेजपासून मी बुवाबाजीविरुद्ध पत्रकं लिहिते, खडकी बाजारात उभी राहून वाटते आणि त्यासाठी शिव्याही खाते. 'चमत्कार म्हणजे न तपासलेली गोष्ट' हे पत्रकावरचं वाक्य माझंच आहे. ते मी आजही मागे घेत नाही... म्हणून तर हे लिहावं लागतंय.

आम्ही खडकी स्टेशनपासून सात-आठ मिनिटांवर राहतो, दुसऱ्या मजल्यावर. घरात मी आणि बाबा, दोघंच. बाबा फॅक्टरीत फिटर होते, आता रिटायर्ड. गेल्या वर्षी त्यांच्या अन्ननलिकेत गाठ निघाली. पाणीसुद्धा उतरेना, तेव्हा पोटातून नळी बसवली. सर्जन सरळ म्हणाले, "पंचेचाळीस किलो करून आणा. एकेचाळीसवर मी टेबलावर घेणार नाही. अडीच महिने आहेत, त्यापुढे गाठ थांबणार नाही."

म्हणजे चार किलो. बस, एवढंच हवं होतं.

मी नोकरीवरून रजा घेतली. दर दोन तासांनी दोनशे मिली. दूध, पावडर, शिजवून गाळलेली डाळ, अंड्याचा पांढरा भाग. आधी पाणी, मग फीड, मग परत पाणी. सगळं वहीत, वेळेसकट. उलटी नाही, जुलाब नाही. आणि बाबांना वास येऊन त्रास नको म्हणून घरात फोडणी बंद. मी स्वयंपाकघराचं दार लावून उभ्यानं पोळीचा रोल गिळायचे. मला वाटायचं, केवढी ही समजूतदार मुलगी!

तीन आठवडे काटा एकेचाळीसवरच.

मग शेखकाका आले. येरवड्याला राहतात, बाबांबरोबर फॅक्टरीच्या एकाच शॉपमध्ये तीस वर्षं. सोलापूरला मुलीकडे गेले होते, परत आल्या आल्या थेट आमच्याकडे. दुपारी साडेबाराला, फॅक्टरीतल्या डब्याच्या सुट्टीच्या वेळी. मी फीड भरत होते. काकांनी खुर्ची ओढली आणि सरळ डबा उघडला. मेथी आणि भाकरी.

"काका, अहो इथे नको," मी म्हटलं. "बाबांना खाता येत नाही."

"मग? तीस वर्षांत हा एकटा जेवलाय का कधी? तू त्याला एकट्याला जेवायला लावतेस बेटा, आणि स्वतः चोरून खातेस. तोंडाला चटणी लागलीय."

बाबा कित्येक दिवसांनी हसले.

काकांनी भाकरी मोडली आणि अर्धी डब्याच्या झाकणात ठेवून बाबांपुढे सरकवली. दोघांची ही जुनी पद्धत. कुणाचाही डबा असो, पहिली भाकरी अर्धी-अर्धी. मग ते जेवायला लागले आणि मी नळीतून फीड सोडलं. बाबा म्हणाले, "लसूण करपलाय." काका म्हणाले, "तुझ्या भाभीला फोन लावू? सांग तिला." शेवटी झाकणातली अर्धीही काकांनीच खाल्ली. हे महत्त्वाचं आहे. अख्खा डबा त्यांच्याच पोटात गेला, मी समोर बसून बघितलाय. त्या दिवशी आणि पुढे रोज.

रविवारी काटा सहाशे ग्रॅम वर. पुढच्या रविवारी आणखी सातशे.

फीड तेच होतं, तेवढंच होतं. मी वही तीनदा तपासली. याचं स्पष्टीकरण माझ्याकडे तयार होतं. सोबत आहे, वास आहे, भूक चाळवते, पचन सुधारतं. कुणी विचारलं असतं तर पत्रक काढलं असतं.

पण काकांच्या पँटला पट्टा आला.

"काका, बारीक झालात?"

"वय झालं."

मी त्यांना काट्यावर उभं केलं. सोलापूरहून निघताना मुलीकडच्या काट्यावर अडुसष्ट होते, आता सहासष्ट पॉइंट सात. शुगर, थायरॉइड, छातीचा एक्स-रे, सगळं करायला लावलं. सगळं नॉर्मल. काट्यावर संशय आला म्हणून किराणावाल्याकडून पाच किलोचं वजन आणून ठेवलं. काटा बरोबर होता. पत्रकं वाटणाऱ्या आमच्या ग्रुपमधला एकजण म्हणाला, "योगायोग आहे, पुढे बघ." पुढे बघितलं. चौथ्या रविवारपर्यंत बाबा जवळजवळ तीन किलो वर, काका जवळजवळ तीन किलो खाली.

मग मी जे केलं ते लपवणार नाही. काकांना खोटंच सांगितलं की बाबांना सर्दी आहे, आठवडाभर येऊ नका. त्या आठवड्यात मी स्वतः बाबांसमोर जेवले. भाकरी मोडून अर्धी झाकणात ठेवली. वास, सोबत, वेळ, सगळं तेच. रविवारी बाबा चारशे ग्रॅम खाली. येरवड्याला जाऊन काकांचं वजन केलं, ते तेवढंच वर.

बाबांना कळलं तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "माझ्याकडे मोजकेच दिवस उरलेत. त्यातला आठवडा तू वहीसाठी घेतलास."

त्याच संध्याकाळी मी पुन्हा येरवड्याला गेले.

काकांना मी सगळं खरं सांगितलं, आकडे दाखवले. म्हटलं, हे तुम्हाला झेपणारं नाही, आता थांबा. त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली.

"तुझी पत्रकं दुसऱ्यांना वाट. मी थांबलो तर त्याचं ऑपरेशन तू करणार?"

दुसऱ्या दिवशी साडेबाराला डबा घेऊन हजर. वांगं होतं.

अडीच महिने भरायला तीन दिवस असताना बाबा पंचेचाळीस पॉइंट एक झाले. सर्जननी वही चाळून विचारलं, "फीड वाढवलंत?" मी नाही म्हटलं. "मग मोजण्यात काहीतरी चुकतंय," असं म्हणून त्यांनी तारीख दिली. ऑपरेशन झालं.

आता बाबा तोंडानं खातात, दुधात कुस्करलेली भाकरी, चिमणीच्या घासाएवढी. काका अजूनही येतात, भाकरी मोडतात. बाबा आपली अर्धी स्वतः खातात, त्यांना तासभर लागतो. काकांचा पट्टा अजून आहे. मी दर रविवारी काटा पुढे करते आणि ते पायानं मागे सरकवतात.

"एकदाच उभे राहा काका. मला कळायला हवं."

"कळलं तर तू बंद करशील, बेटा."

वही माझ्याकडे आहे. कुणालाही दाखवीन — डॉक्टरांना, ग्रुपमधल्यांना, मला खोटी म्हणणाऱ्यांना. अंगारा-ताईत घेऊन कुणी आलं तर मात्र दारातूनच परत पाठवीन. चमत्कार म्हणजे न तपासलेली गोष्ट, हे मी अजूनही म्हणते. पण ही गोष्ट मी तपासली आहे... आणि मला ती काय आहे ते माहीत नाही.