फिट म्हणणारा शिंपी

कोपरला आमच्या जिन्याखाली एक शिंपी बसायचा. सगळ्याला त्याचा एकच शब्द, फिट. ब्लाउज फिट, म्हातारा सासरा फिट, मापं डोक्यात फिट, आणि कटकट करणाऱ्या गिऱ्हाइकाच्या कानाखाली एक फिट बसवायची.

"अरे, दुसरं इंग्रजी येतं का तुला?" मी विचारायची.

"एकात भागतंय ना, काकी."

मोठ्या आजारातून उठले तेव्हा ब्लाउज खांद्यावरून ओघळायचे. सगळे त्याच्याकडे नेले. म्हटलं, "आत घे आणि जास्तीचं कापून टाक. आता काही मी भरत नाही."

त्याने कात्री उचललीच नाही. सगळं कापड आत दुमडून मोठे मोठे टाके घातले. घालून पाहिलं तर अंगाला बरोबर बसलं.

"झालं ना फिट?" मीच म्हटलं.

"नाही, काकी. अंग भरलं की टाके उसवायला या. मग फिट."

दिवाळीच्या आधी अंग भरलं, तशी मी त्याच्याकडे गेले. त्याने एकेक टाका उसवून दिला.

आता ती इमारत पाडली. मी कळव्याला मुलाकडे असते. ब्लाउज विटलेत, सून टाकून द्या म्हणते. मी तेच घालते.