एक दाखला कमी

मुळशी तालुक्यात दाखल्यांच्या बाबतीत माझ्या मावशीच्या यजमानांइतका श्रीमंत माणूस सापडणार नाही. पौडच्या तहसील कचेरीतून वर्षाकाठी निघत नसतील तितके दाखले एकट्या काकांच्या नावावर जमा आहेत, आणि त्यासाठी त्यांनी पौडला एकही हेलपाटा घातलेला नाही. मला गोष्टी क्रमाने सांगायची सवय आहे, म्हणून आधी दाखला म्हणजे काय ते सांगते. काका भौतिक रसायनशास्त्रज्ञ. जन्मभर त्यांनी फेसाचा अभ्यास केला. साबणाचा, दुधाचा, आग विझवायच्या फवाऱ्याचा. जगात कुठेही कोणी फेसावर शोधनिबंध लिहिला, की ‘हे अमक्यांनी आधीच दाखवलं आहे’ असं म्हणून काकांच्या निबंधाचा उल्लेख करावाच लागतो. लोक त्याला सायटेशन म्हणतात, काका दाखला म्हणतात. निवृत्तीनंतर रिह्याला घर बांधल्यापासून ते रोज चहाआधी संगणकावर दाखले मोजतात, बाकीची म्हातारी माणसं रक्तदाब मोजतात तसे. फेस बसल्याशिवाय मावशीला भांडी विसळायची परवानगी नाही. ‘निबंध झाला असेल तर भांडी विसळू का?’ असं ती विचारते. पिरंगुटला एका लग्नात फेस किती टिकतो ते बघत काका मठ्ठ्याच्या पातेल्याशी असे रमले, की मागे सगळी रांग खोळंबली. शेवटी वाढप्यानेच त्यांना हाताला धरून बाजूला केलं. ‘काका, मठ्ठा पिऊन बघायचा असतो.’

शेजारचे तात्या भातशेती करतात. काकांनी घरासाठी जागा घेतली ती त्यांच्याकडूनच. ‘आज पुन्हा दाखले आले,’ असं त्यांनी कुंपणापलीकडून ऐकलं आणि कागद घेऊन ते हजर झाले.

‘काका, आमचं येक उत्पन्नाच्या दाखल्याचं बघा की. तुमाला रोज मिळत्यात, आमाला येक मिळंना.’

काकांनी ओट्यावर बसवून त्यांना सगळं शास्त्र समजावलं. तात्या शांतपणे ऐकून म्हणाले, ‘म्हंजे तुमचं म्हननं खरं हाय, असं परका मानूस लिहून देतोय. मंग ह्यो दाखलाच की.’ याहून चांगली व्याख्या आपण कुठल्याही परिषदेत ऐकली नाही, असं काका तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

एवढ्या श्रीमंतीत एकच उणं होतं. काकांचा सगळ्यात पहिला निबंध. त्यावर तीन नावं होती: पहिलं त्यांच्या मित्राचं, मग काकांचं, शेवटी मार्गदर्शकांचं. फेस वरून नाही, आतून विरत जातो ही मूळ कल्पना मित्राची. त्या वेळी कोणाला ती पटली नाही. मित्राने संशोधन सोडलं, कॉलेजात शिकवलं, आणि काही वर्षांपूर्वी तो गेला. त्या निबंधापुढचं दाखल्यांचं शून्य मात्र हललं नाही. बाकी दाखले कितीही वाढले तरी काका रोज शेवटी तिथे येऊन थांबायचे. मी व्यवहारी तोडगा सुचवला, ‘तुमच्याच एखाद्या निबंधात त्याचा उल्लेख करून टाका की.’

‘घरच्या माणसाचा दाखला चालत नाही,’ काका म्हणाले.

‘न्हाईच चालत,’ कुंपणापलीकडून तात्या म्हणाले. ‘वळखीवर काढल्याला दाखला फुडं टिकत न्हाई.’

या थंडीत एका सकाळी काकांचा फोन आला. ‘आला,’ एवढंच म्हणाले. दूरदेशीच्या कोणा तरुण बाईने फेसाच्या आतली छायाचित्रं काढली होती, आणि ‘हे प्रथम ज्यांनी सांगितलं’ म्हणून मित्राचं नाव लिहून पुढे ‘आणि इतर’ असं म्हटलं होतं. मी पेढे घेऊन पोचले तेव्हा मावशी भिंगातून छापील पान धुंडाळत होती.

‘अहो, पण तुमचं नाव कुठंय यात?’

‘हे काय, आणि इतर. त्यातला इतर मी,’ काका म्हणाले. छातीवर पदक लावल्यासारखे ते घरभर फिरत होते.

तोवर तात्या नारळ घेऊन आले. ‘इतक्या वर्षांचा अडकल्याला दाखला सुटला’ ही बातमी त्यांनी साऱ्या रिहे खोऱ्यात पोचवली होती. काकांच्या हातात नारळ देऊन ते म्हणाले, ‘पर मानूस गेलाय म्हंता. मंग दाखला वारसाकडं पोचवाया पायजे. हितं ठिवून काय उपेग?’

काकांनी उचललेला पेढा खाली ठेवला. मला म्हणाले, ‘गाडी काढ.’

मित्राची बायको भुकूमला नव्या इमारतीत लेकीकडे राहते. तिने चष्मा लावून पान वाचलं. इंग्रजी तिला फारसं कळत नव्हतं, पण नवऱ्याच्या नावावर बोट थांबलं.

‘म्हणजे यांचं बरोबर होतं?’

‘पहिल्यापासून बरोबर होतं, वहिनी.’

ती चहा टाकायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

परतताना पिरंगुटच्या गर्दीत गाडी अडकली, तेव्हा काका म्हणाले, ‘त्या छायाचित्रंवाल्या बाईने त्याच्या आडनावात एक अक्षर जास्त घातलंय. मी वहिनींना सांगितलं नाही. तो असता तर एवढ्यावरून कडाक्याने भांडला असता तिच्याशी.’ मग काच खाली करून बाहेर बघत म्हणाले, ‘केवढी मजा आली असती गं.’