चार जिने आणि एक थेंब

ऑफिसातून घरी न जाता इथेच आलो. चौथ्या मजल्यावरच्या या बारमधून स्टेशनपर्यंतचं सगळं कुडाळ दिसतं. शेजारच्या टेबलावर तळलेली सुरमई आली आणि त्या वासासरशी बाबा आठवले.

नोकरी लागल्यावर त्यांना इथेच जेवायला आणलं होतं. बापलेक पहिल्यांदाच समोरासमोर ग्लास घेऊन बसलो होतो. पहिला थेंब राखणदाराचा, गाव राखणाऱ्या देवाचा, म्हणून बाबांनी ग्लासात बोट बुडवलं आणि खाली बघितलं, तर चकचकीत फरशी.

"हयसर माती खंय आसा?"

"ऱ्हवांदे ओ बाबा. लोक बघतत."

"थेंब मातयेक लागाक होयो, झिला."

तेव्हा लिफ्ट नव्हती. दुखरे गुडघे घेऊन, ग्लास सांभाळत ते चार जिने उतरले. मी लाजेने मोबाइलमध्ये तोंड खुपसलं. सुरमई पार गार झाल्यावर ते धापा टाकत परतले. मी रागाने ताटली त्यांच्यापुढे सरकवली.

"तुझा पण नाव सांगून इलंय," एवढंच म्हणाले आणि जेवायला लागले.

आता लिफ्ट आहे. ग्लासात बोट बुडवून मी खाली बघतो, पण उठायचं त्राण नाही. आणि माझं नाव सांगायला खाली उतरणारं आता कोणी नाही.