रामलिंगच्या वानराचा होकार

मला आफ्रिका बघायची होती. वय दहा, परकर धड नेसता येत नव्हता, येडशीच्या पलीकडचं गाव पाहिलेलं नव्हतं, आणि बाईसाहेबांना डोहाळे आफ्रिकेचे! आता नातसुना विचारतात, आजी, तुम्हाला लहानपणी काय आवडायचं? मी म्हणते, सिंह. त्या हसतात. हसू देत. त्या सिंहानं आमच्या घरातलं कोण खाल्लं, ते त्यांना काय ठाऊक.

हे वेड डोक्यात घातलं एका पाहुण्यानं. मोठी लढाई नुकतीच संपली होती, आमच्यावर राज्य अजून निजामाचंच होतं. पाहुणा आमच्याच जातीतला, अणदूरकडचा. तिकडं मोंबासा नावाच्या गावात एका दुकानावर मुनशी होता. पस्तिशी ओलांडलेली, बायको वारलेली, डोक्यावर साहेबी टोपी, फुगलेल्या पुरीसारखी. माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, बघायला आला होता. अक्का पंधरा वर्षांची. ती आत चुलीपाशी, आणि मी बाहेर पाहुण्याच्या गुडघ्याला चिकटलेली.

"तिथली गाढवं पट्ट्यापट्ट्यांची असत्यात," तो सांगायचा. "आन् उंटाहून उंच एक जनावर. झाडाचा शेंडा उभ्या उभ्या खातंय."

"त्येला हाकतं कोण?"

"त्येला कोण हाकणार? ते साहेबालाबी भीत न्हाय."

अप्पांना, म्हणजे आमच्या वडलांना, जनावरांचं काही नव्हतं. पण पाहुणा म्हणाला, तिथं एक डोंगर आहे, भर उन्हाळ्यात माथ्यावर बर्फ असतो. अप्पांचा हात गळ्यातल्या लिंगाकडं गेला. "कैलासच की हो! महादेव तिथंबी पोचलाय म्हणा." झालं. महादेव पोचलाय तिथं पोरगी पोचायला काय हरकत?

अक्काला जायचं नव्हतं. ती अव्वाशी, आमच्या आईशी, बोलली, अव्वानं पदर तोंडाला लावला आणि पीठ मळत राहिली. अप्पांपुढं 'नको' म्हणायची रीत आमच्या घरात नव्हती. दुसरी एक रीत मात्र होती. सोयरीक मनात अडली, की पोरीनं उपाशीपोटी आपल्या हातानं मलिद्याचा लाडू करायचा, घाटातल्या रामलिंगच्या देवळात न्यायचा आणि तळहातावर ठेवून वानरापुढं धरायचा. वानरानं खाल्ला तर देवाचा होकार. हुंगून टाकला तर नकार, मग सोयऱ्यानंही राग धरायचा नाही. अक्कानं खाली मान घालून तेवढं एक मागितलं. अप्पा तर खूशच झाले. "बघा, पोरगी देवाला इचारू म्हणती. रामाची सेना हाय ती, लाच खात न्हाय."

श्रावणातला सोमवार, शाळेला सुट्टी. आम्ही बैलगाडीनं रामलिंगच्या घाटात उतरलो. दोन्ही बाजूंना हिरवं रान, खाली ओढा, मोर ओरडत होते. अप्पा 'नमः शिवाय' म्हणत होते आणि पाहुणा प्रत्येक झाडामागं आफ्रिका उभी करत होता. लांब हरणांचा कळप दिसला तर म्हणाला, "आमच्याकडं अशा कळपामागं सिंह लागत्यात." मग मी गाडीच्या मागं तोंड करून बसले, सिंह दिसायला हवा म्हणून. झुडपातून ससा निघाला तर मीच किंचाळले. अशी मी शूर.

पाहुणा माझ्याहून शूर. देवळाच्या पायऱ्यांवर एका वानरानं त्याच्या टोपीला हात घातला, तर सिंहांच्या मुलुखात राहिलेला हा गडी अप्पांच्या पाठीमागं दडला. हे मी या डोळ्यांनी पाहिलं. पाहून काय केलं? काही नाही. कारण वाटेत तो म्हणाला होता, "लगीन झालं की धाकटीलाबी नेऊ सुट्टीला. सिंह दावतो." शहाणी मुलगी एवढ्यावर विचारात पडली असती. मी मनातल्या मनात गाठोडं बांधायला घेतलं.

सगळे ओढ्यावर हातपाय धुवायला गेले. फराळाच्या दुरड्या राखायला मला बसवलं, म्हणजे मांजराला दुधापाशी. अक्काचा लाडू वेगळ्या फडक्यात होता. त्याला हात लावायचा नाही हे ठाऊक होतं, म्हणून आधी तोच सोडला. नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवला, आणि जीभ झडली म्हणावं असा कडू! ताप आला की अव्वा किराइताचा काढा पाजायची, हुबेहूब ती चव.

इथं मला म्हणायला आवडेल, की मी लहान होते, मला कळलं नाही. बिचारीचं काही चुकलं असेल, ते आपण निस्तरावं, असं मला वाटलं. पुष्कळ वर्षं मी स्वतःला हेच सांगितलं. पण मला कळलं होतं. अक्का आदल्या दिवशी कोनाड्यातली किराइताची पुडी काढताना मी पाहिली होती, आणि तिला ताप नव्हता. वानर हा लाडू टाकणार आणि माझी आफ्रिका जाणार, हे मला लख्ख कळलं. मी तो मागच्या झुडपात फेकला. अव्वाच्या दुरडीतला, तूप-गुळाचा चांगला लाडू उचलून अक्काच्या फडक्यात बांधला, गाठही तशीच मारली.

थोड्या वेळानं अक्का वानरांपुढं उभी राहिली. फडकं सोडून लाडू हातात घेतला, आणि थांबली.

"धर की पुढं," अप्पा म्हणाले.

पोटाला पिल्लू लटकलेली एक वानरीण आली. तिनं लाडू घेतला, बसून खाल्ला आणि उरलेल्या चुऱ्यासाठी पुन्हा अक्काचा हात ओढला. "हर हर महादेव!" अप्पा ओरडले. सगळ्यात मोठ्यानं टाळ्या मी पिटल्या.

लग्नानंतर पाहुणा दोन महिने राहिला आणि एकटाच जहाजावर चढला. घर बघतो, मग बोलावतो म्हणाला. घर बघायची काही गरज नव्हती. तिकडं त्याचं घर होतं, घरात बाई होती, मुलं होती. हे आम्हाला कळायला चार वर्षं लागली. तोवर अक्का सासरी आंधळ्या सासूचं करत होती, म्हशींचं शेण काढत होती. रझाकारांच्या दिवसांत आम्ही सगळे हद्द ओलांडून बार्शीला गेलो, पण सासू घर सोडेना म्हणून अक्का मागंच राहिली. अप्पा म्हणायचे, "देवाचाच कौल होता, आपण काय करणार?" आणि सगळे देवाकडं बोट दाखवून मोकळे व्हायचे. मीही.

पुढं माझं लग्न झालं, मुलं झाली, सुना आल्या. अक्काची पन्नाशी उलटल्यावर एकदा तिच्या गावी गेले आणि तिला सांगून टाकलं. ती उन्हात मिरच्यांची देठं खुडत होती.

"अक्का, तो लाडू मी बदलला होता."

"ठावं हाय."

"कसं?"

"हातात घेतल्या घेतल्या तुपाचा वास आला. म्या तूप घातलंच न्हवतं."

"मग टाकून का न्हाय दिलास? हातातून पडला म्हणायचं."

"पडला असता तर अप्पांनी उचलून बघितला असता. 'तुपाचा कसा?' म्हणले असते. राखणीला कोण होतं? तू. अप्पांचा मार मी खाल्लेला होता, तू न्हाय." तिनं मिरच्यांवरून हात फिरवला. "दहा वर्साची काडी होतीस. मला वाटलं, एक लगीनच तर हाय."

मला रडू आलं. तिला नाही आलं. मी पदर डोळ्यांना लावला तशी म्हणाली, "हात धुतलेत न्हवं? मिरच्यांना लावलेत मघाशी. आता डोळं चोळत बसशील. ऊठ, मोटार सुटंल तुझी."

तिला मला थांबवायचं होतं का, मी आणखी एक दिवस राहावं असं वाटत होतं का, हे मी विचारलं नाही. घाईघाईनं निघाले. मोटारीत खिडकीची जागा मिळाली, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.